वीस रुपयांचं भविष्य

(राहाता इथं जयंतीच्या तयारीसाठी वस्तीतल्या पोरापोरींची बैठक झाली. तिथं केलेलं हे भाषण. बोललो तसंच बऱ्याच अंशी ठेवलं आहे.)



कमिटीनं मला निरोप धाडला : "यंदा जयंतीला तुझा टेबल परत लावायचा. मागं वर्गणी बरी झाली होती." माझा टेबल म्हणजे काय, हे नव्या पोरांना ठाऊक नसेल. निळं कापड टाकलेला टेबल, दोन खुर्च्या, आणि वर पुठ्ठा टांगलेला : हात दाखवा, भविष्य जाणा, फक्त वीस रुपये. त्या पुठ्ठ्यामागं मी बसायचो. गोदीतला मजूर, मॅट्रिक पास, चार कविता छापून आलेला. तोंड चालतं म्हणून मला बसवलं. २०२३ ला बसलो, २०२४ ला बसलो. दोन्ही वर्षांचे मिळून सहा हजार सातशे चाळीस रुपये जमले. म्हणजे तीनशे सदतीस हात. त्या पैशातून वाचनालयाला दोन लोखंडी कपाटं आली. ती तिथं उभी आहेत, बघून घ्या.

२०२५ ला मी आलो नाही. ड्यूटी आहे म्हणून कळवलं. ते खोटं होतं. ड्यूटी नव्हती. मला त्या खुर्चीत बसायची भीती वाटत होती. का वाटत होती, ते सांगायला आज उभा आहे. यंदा मी हात पाहणार नाही. आणि माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बसवू पण देणार नाही. आधी ऐका, मग शिव्या घाला.

ही विद्या मला आली कुठून? मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात कीरोच्या हस्तसामुद्रिकाचं मराठी पुस्तक सापडलं. तीस रुपयांना. कव्हर फाटलेलं. रात्रपाळीत जहाज लागायची वाट बघत गोदीच्या भिंतीला टेकून मी ते पाठ केलं. आयुष्यरेषा, मस्तकरेषा, हृदयरेषा, भाग्यरेषा. गुरूचा उंचवटा, शनीचा उंचवटा, शुक्राचा, चंद्राचा. पुरुषाचा उजवा हात बघायचा, बाईचा डावा.

आता हा कीरो कोण? खरं नाव विल्यम जॉन वॉर्नर. १८६६ साली आयर्लंडात जन्मला, १९३६ साली अमेरिकेत हॉलीवूडला मेला. स्वतःला काउंट म्हणवून घ्यायचा. मोठमोठे राजे, नटनट्या, लेखक त्याच्यापुढं हात पसरायचे. आणि ही विद्या कुठं शिकलो म्हणून सांगायचा? आपल्या कोकणात, जोशी ब्राह्मणांकडं, माणसाच्या कातड्यावर लिहिलेल्या पोथीतून! पुरावा काय, तर त्याचंच तोंड. पण गंमत बघा. सायबाला आपला माल खपवायला ब्राह्मणाच्या पोथीचं नाव लागलं, आणि तोच माल आपल्या मराठी माणसाला परत विकायला सायबाचं नाव लागलं. दोघं मिळून एकमेकांचे जामीन. आणि मधे कोण? फुटपाथवर तीस रुपये मोजणारा मी.

पण खरं सांगतो, रेषा मी फार कमी वेळा पाहिल्या. रेषेवर बोट फिरवायचो आणि बाकीचं सगळं बघायचो. डाव्या हाताच्या बोटांवर आडवेतिडवे वण असले की कळायचं, हा ऊसतोडीला जातो. डाव्यानं ऊस धरायचा, उजव्यानं कोयता मारायचा, चुकला की डाव्यावर. सिमेंटनं कातडी खाल्लेली, म्हणजे बिगारी. अंगठ्याच्या बुडाला घट्टा, म्हणजे खुरपं. नवी चप्पल आणि जुना शर्ट, म्हणजे कुठंतरी मुलाखतीला जाऊन आलेला. बाईच्या मनगटावर कासाराच्या बांगड्या नाहीत, रबर बँड आहे, तर घरात पैसा नाही. मग गंभीर तोंड करून म्हणायचं : "पैसा येतो पण टिकत नाही." अरे, राहात्याच्या बाजारात उभं राहून कुणालाही म्हणा, खोटं ठरेल का? "तुम्ही दुसऱ्याचं भलं करता, पण तुमचं नाव कुणी घेत नाही." कुठली बाई नाही म्हणेल? "घरातलं एक माणूस मनातून दुरावलंय." लगेच डोळ्यांत पाणी. पुढचं सगळं तीच सांगायची आणि घरी जाऊन म्हणायची, "पोरानं सगळं बरोबर सांगितलं गं!"

म्हणजे बोलायची ती, आणि भविष्यवेत्ता ठरायचो मी.

एक म्हातारी आली होती. पेरूच्या बागेत तोडणीला जाणारी. वीस रुपये आधी टेबलावर ठेवले, मग हात. मी सुरू केलं, तर म्हणाली, "लेकरा, भविष्य राहू दे. माझं आता काय उरलंय? जरा हात धरून बस. लई दिवसांत कुनी हात हातात घेतला न्हाई." मी बसलो. पाच मिनिटं. मागं लाईन ओरडत होती. ती उठली, डोक्यावरून पदर सारखा केला आणि गेली. तीनशे सदतीस हातांत हा एकच हात मी नीट धरला, असं आज वाटतं.

त्या रात्री एक गोष्ट डोक्यात बसली. गावगाड्यात जोशी हा वतनदार. त्यानं पंचांग सांगायचं, मुहूर्त काढायचा आणि हक्काची दक्षिणा घ्यायची. आपल्या आजा-पणज्याचा हात त्यानं हातात घेणं कसं शक्य होतं? विटाळ व्हायचा ना! आणि गरज पण नव्हती. महाराचं भविष्य बघायला हात लागतच नव्हता. पोर कुठल्या झोपडीत जन्मलं एवढं कळलं की भविष्य संपलं : येसकरकी, सांगावा, मेलेलं ढोर. कुठल्या ग्रहानं ठरवलं होतं ते? ते वतन होतं, हिशोबाच्या कागदावर होतं. १९३९ साली इथून जवळच हरेगावला महार-मांग वतनदारांची परिषद झाली, बाबासाहेब आले होते. आणि १९५८ साली कायदा होऊन वतन गेलं. शनी हलला म्हणून नाही गेलं. माणसं हलली म्हणून गेलं.

जोतीबांनी हे कधीच सांगून ठेवलं आहे. १८६९ साली 'ब्राह्मणाचे कसब' लिहिलं. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चा. त्याचं पहिलं प्रकरण काढून वाचा. शेतकरी आईच्या पोटात असल्यापासून मरेपर्यंत, आणि मेल्यावरही, भट-जोशी ग्रहांच्या नावानं त्याला कसा लुबाडतो, त्याचा हिशोब तिथं मांडला आहे. आणि आपण काय केलं? जोतीबांचा फोटो स्टेजवर, बाबासाहेबांचा फोटो त्याच्याशेजारी, आणि स्टेजच्या खाली दहा हातांवर जोशाचं दुकान. दुकानदार मी. तुमचाच पोरगा.

आता दाजींचं सांगतो. नाव सांगत नाही. माझ्या चुलत बहिणीचे मालक. अक्का इथंच बसली आहे, तिला विचारूनच बोलतो.

दाजी गोदीत ठेकेदाराकडं होते. जुलै २०२२. जहाजातून पोलादाच्या कॉइली उतरवत होते. पाऊस. स्लिंग सरकली. उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठ्याजवळचं, मधलं आणि त्याच्या पलीकडचं. दवाखान्याचं बिल ठेकेदारानं भरलं, वर दहा हजार हातात ठेवले आणि म्हणाला, "कोर्टकचेरी करू नको, घरच्यासारखं बघून घेऊ." दाजी गावाकडं आले. वय तेव्हा पस्तीस.

एप्रिल २०२३. जयंती. डीजे वाजतोय, निळा गुलाल उडतोय, आणि दाजी माझ्या टेबलासमोर. मेव्हणा आहे म्हणून फुकट नाही, त्यांनी वीस रुपये ठेवले. डावा हात पुढं केला. म्हणाले, "उजवा काय राहिला न्हाई. डाव्यावर चालतं का रे?"

मी म्हणालो, "चालतं, दाजी."

दोस्तांनो, त्या वेळी खुर्ची सोडून उठायला पाहिजे होतं. मी उठलो नाही. मला पण ठाऊक होतं दाजींना काय ऐकायचंय. मी डाव्या हाताच्या भाग्यरेषेवर बोट फिरवलं आणि म्हणालो, "सध्या शनी आडवा आहे. दिवाळीनंतर रेषा मोकळी होते. पैशाचा योग आहे. तोवर भांडणात, कागदपत्रात पडू नका." दाजींचं तोंड उजळलं. ठेकेदार पण तेच म्हणत होता ना! ठेकेदाराचं आणि माझं तोंड एक झालं. त्यानं सांगितलं थांब, मी ग्रहाची साक्ष दिली.

एप्रिल २०२४ ला दाजी परत आले. मी म्हणालो, "अजून सहा महिने."

दिवाळी झाली. ठेकेदारानं फोन उचलणं बंद केलं. मग मी दाजींना घेऊन मुंबईत युनियनच्या एका जुन्या माणसाकडं गेलो. त्यानं कागद बघितले, तारीख बघितली, आणि डोक्याला हात लावला. तेव्हा १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा लागू होता. त्याची जागा पुढं २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहितेनं घेतली. त्या १९२३ च्या कायद्यात दावा लावायची मुदत होती अपघातापासून दोन वर्षं. जुलै २०२४ ला मुदत संपली होती. मी "अजून सहा महिने" म्हणालो, त्याच सहा महिन्यांत.

आणि मग त्या माणसानं मला एक तक्ता दाखवला. तो तुम्हाला सांगायचाच आहे. त्या कायद्याच्या मागं अनुसूची होती. तिच्यात माणसाचा हात लिहिलेला होता. अंगठा गेला : कमाईची शक्ती गेली तीस टक्के. एका हाताची दोन बोटं गेली : वीस टक्के. तीन बोटं : तीस टक्के. चार बोटं : पन्नास टक्के. नुसतं अंगठ्याजवळचं बोट मुळापासून गेलं तर चौदा, मधलं गेलं तर बारा. बघा, हात वाचायचं हेही एक शास्त्र होतं. इथं शुक्र नाही, शनी नाही. इथं बोट म्हणजे भाकर, आणि किती बोटं म्हणजे किती भाकर, त्याचा आकडा. हे पुस्तक मला फुटपाथवर कुणी विकलं नाही. मी पण शोधलं नाही.

हिशोब ऐका. महिन्याचा पगार जास्त असला तरी जास्तीत जास्त पंधरा हजार धरायचे. ही मर्यादा जानेवारी २०२० ची. त्याचे साठ टक्के, नऊ हजार. पस्तीस वयाला गुणक १९७.०६. गुणाकार केला तर १७,७३,५४०. त्याचे तीस टक्के : पाच लाख बत्तीस हजार बासष्ट रुपये. हा दाजींच्या तीन बोटांचा कायद्यानं लिहिलेला आकडा. महिन्याभरात दिला नाही तर वर व्याज.

मी घेतले वीस रुपये. दोनदा. चाळीस.

अक्का तेव्हा मला एकच वाक्य बोलली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "तू हात पायलास, मग तोच हात धरून वकिलाकडं का न्हाई नेलास?"

या वाक्याला माझ्याकडं उत्तर नाही. म्हणून मी २०२५ ला आलो नाही. आता आलो, कारण न येणं हे काही उत्तर नव्हतं.

काही पोरं म्हणतील, "दादा, तू चुकलास, विद्या चुकली नाही. खरा जाणकार असता तर बरोबर सांगितलं असतं." ठीक. मग रेषा कुठून येतात ते ऐका. आईच्या पोटात तिसऱ्या महिन्यातच तळहाताला या घड्या पडतात. पुढं मूठ मिटते, उघडते, कातडी तिथं दुमडते. सदऱ्याला कोपरात घडी पडते तशी. डॉक्टर हात बघतात, नखं बघतात, त्यावरून काही आजारांचा अंदाज घेतात, ते खरं. पण त्यावरून लग्न, नोकरी, मरण कुणी सांगू शकत नाही. आणि कुंडलीचं म्हणाल तर २००८ साली जयंत नारळीकरांनी, नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीला बरोबर घेऊन, पुण्यात परीक्षाच घेतली. दोनशे मुलांच्या पत्रिका. शंभर हुशार मुलं, शंभर मतिमंद मुलं. सांगा कुठली कुणाची. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरं धाडली. सरासरी बरोबर उत्तरं शेचाळीस टक्के. रुपया उडवून छापा-काटा केला असता तरी पन्नास आले असते.

दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. त्याच वर्षी जादूटोण्याविरुद्धचा कायदा झाला. त्या कायद्यानं नुसता हात बघणं गुन्हा ठरवलेलं नाही. म्हणजे पोलीस माझा टेबल उचलणार नाहीत. तो आपल्यालाच उचलायचा आहे.

आता दुसरी चूक करू नका. उद्या उठून बाजारातल्या कुडमुड्या जोशाला दगड मारायला जाल, तर मी आडवा येईन. मी त्याच्याशी बोललोय. वीरभद्राच्या यात्रेत तो झाडाखाली बसला होता. गळ्यात झोळी, हातात कुडमुडं. कुडमुडे, मेढंगी, सरोदे हे सगळे जोशी सरकारच्या यादीत भटक्या जमातीत आहेत. त्याचं जोशीपण आणि वाड्यातल्या जोशाचं जोशीपण एक नाही. वाड्यातला त्याला पंगतीला घेत नाही. मी त्याला ऐटीत म्हणालो, "बाबा, लोकांना का फसवता?" तो हसला. म्हणाला, "पोरा, मला गाव न्हाई, जमीन न्हाई, दाखल्यासाठी तीन पिढ्या हिंडतोय. मी पोटासाठी सांगतो. तू मॅट्रिक झालास, डाकमध्ये नोकरी करतोस. तू कशापायी सांगतोस?" डाक म्हणजे त्याला पोस्ट वाटलं होतं. मी डॉकमध्ये म्हणालो होतो. पण प्रश्न बरोबर बसला. त्याच्या पोराला दाखला मिळवून द्या, शाळेत बसवा, तो आपोआप कुडमुडं खाली ठेवेल. माझ्याकडं कुठलं निमित्त होतं?

आणि हात वाचणारे फक्त जोशीच आहेत असं समजू नका. १८५८ साली बंगालात हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं रस्त्याच्या मालाचा करार केला आणि समोरच्या माणसाचा अख्खा पंजा शाई लावून कागदावर उमटवून घेतला. त्यानं उद्या सही नाकारू नये म्हणून. तिथून ठशांचा धंदा सुरू झाला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला, अख्ख्या जमाती जन्मानं चोर ठरल्या, आणि १९११ च्या कायद्यानं त्यांच्या बोटांचे ठसे घ्यायची मुभा सरकारला मिळाली. १९५२ ला तो कायदा गेला. जन्मावरून भविष्य सांगणारा सगळ्यात मोठा जोशी कोण होता, सांगा बरं? सरकार! आणि आज? आपल्या मावश्या रेशनच्या दुकानात मशीनवर अंगठा दाबतात. खुरप्यानं, राखेनं, सिमेंटनं अंगठा घासून गुळगुळीत झालेला. मशीन म्हणतं, जुळत नाही. जिनं आयुष्यभर काम केलं तिचाच हात मशीनला वाचता येत नाही. माझंही तेच. गोदीच्या गेटवर हजेरीच्या मशीनला माझी बोटं तीन-तीनदा लावावी लागतात. इथं जवळ पुणतांब्याला चांगदेवाची समाधी आहे. त्यानं ज्ञानेश्वराला कोरं पत्र धाडलं होतं म्हणतात. आपले हात तसेच कोरे झालेत. पण ते कोरं पत्र वाचून उत्तर लिहिणारं कुणीतरी होतं. आपलं कोरं पत्र घेऊन आपण रांगेतून परत फिरतो.

आयुष्यरेषेचं एक सांगतो आणि शेवटाकडं येतो. नगर जिल्हा, आता अहिल्यानगर. २०१३ च्या जानेवारीत सोनई : मेहतर समाजाची तीन पोरं. एप्रिल २०१४ ला खर्डा : शाळेत शिकणारं पोरगं. मे २०१५ ला शिर्डी, आपल्याच तालुक्यात : मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंग वाजली म्हणून पोरगं मारलं. खर्ड्याच्या खटल्यात २०१७ ला आरोपी सुटले. त्या पोरांच्या हातावरची आयुष्यरेषा तोकडी होती का? मला एक सांगा, आपल्या टेबलावर यातलं एखादं पोरगं बसलं असतं, तर मी काय सांगितलं असतं? "दीर्घायुष्य आहे, परदेशगमनाचा योग आहे." हेच. वीस रुपयांत कुणाला मरण सांगत नाहीत. आणि मेल्यावर गाव काय म्हणतं? "त्याचं भरलं होतं." हे वाक्य नीट ऐका. "त्याचं भरलं होतं" म्हणालं की मारणारा मोकळा. "नशिबात होतं" म्हणालं की ठेकेदार मोकळा. रेषा हातावर असते, पण तिचा फायदा दुसऱ्याच्या खिशात जातो.

कुणी म्हणेल, आपल्या धम्मात पण आहे की! असित ऋषीनं बाळ सिद्धार्थाची बत्तीस लक्षणं बघितली, बाबासाहेबांच्या ग्रंथात पण ती गोष्ट आहे. आहे, मी नाकारत नाही. पण लक्षणं बघून कुणी बुद्ध झाला नाही. घर त्यालाच सोडावं लागलं, सहा वर्षं त्यालाच खपावं लागलं. आणि बुद्ध झाल्यावर त्यानं काय सांगितलं? दीघनिकायातलं पहिलंच सुत्त काढा, ब्रह्मजाल. भिक्खूनं ज्यावर पोट भरू नये अशा हलक्या विद्यांची तिथं लांबलचक यादी आहे. तिच्यात पहिल्यांदाच काय येतं? अंग, म्हणजे शरीराच्या अवयवांवरची चिन्हं बघून भविष्य सांगणं. माझा टेबल त्या यादीत पहिल्या नंबरावर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्या आज्यांनी जे सोडलं, ते मी जयंतीच्या मांडवात वीस रुपयांना परत आणलं.

मग टेबल काढायचा का? नाही. टेबल राहू द्या. लोक येतात ते रेषेसाठी येत नाहीत. कुणीतरी हात धरावा, दोन शब्द विचारावे म्हणून येतात. ही भूक खोटी नाही. तिला खोटं खायला घालणं, तो गुन्हा माझा.

म्हणून मी म्हणतो, तोच टेबल, तेच निळं कापड, पुठ्ठा पण तोच : हात दाखवा. पुढचं खोडायचं. वीस रुपये खोडायचे. खुर्चीत बसेल त्याचा हात खरंच हातात घ्यायचा आणि विचारायचं : काय काम करता? हाताला कधी लागलं? कुणाकडं कामाला होता? किती तारखेला? कागद आहे का? दवाखान्याचं कार्ड आहे का? रेशनचा अंगठा लागतो का? दाखला निघाला का? वहीत लिहायचं. शेजारी एखादा वकील मिळाला तर बसवायचा. नाही मिळाला तर दुसऱ्या दिवशी त्या माणसाला घेऊन जायचं. पंचवीस हातांतला एक हात जरी वेळेत तालुक्याला पोचला, तरी माझ्या तीनशे सदतीस हातांपेक्षा जास्त झालं. नव्या संहितेत मुदत काय, टक्के काय, ते आधी आपण बसून वाचू. इंग्रजी अडलं तर कॉलेजातल्या पोरी आहेत इथं. मग मोठ्या पुठ्ठ्यावर पंजाचं चित्र काढू आणि एकेका बोटावर ग्रहाच्या जागी तो आकडा लिहू. चित्र काढायचं काम माझं.

वर्गणीचं काय, विचाराल. पहिले दोन हजार माझे. गोदीत ओव्हरटाईम केलाय. दोन कपाटांचं देणं मी असं फेडतोय, असं समजा.

दाजींचं काय झालं? फेब्रुवारी २०२५ ला दावा लावला. उशीर माफ करावा म्हणून सोबत अर्ज जोडला; पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करायची सोय त्या कायद्यात होती. वकिलानं विचारलं, उशिराचं कारण काय लिहू? दाजी खाली बघत बसले. मी म्हणालो, लिहा : ठेकेदारानं थांबायला सांगितलं आणि मेव्हण्यानं हात बघून थांबायला सांगितलं. वकील म्हणाला, दुसरं लिहिता येणार नाही, हसतील. पहिलंच लिहिलं. तारखा पडतायत. निकाल नाही. काय होईल ते मी सांगणार नाही. सांगायचं मी सोडून दिलंय. तारखेला मात्र जातो, दाजींच्या बरोबर.

दाजी आज इथं मागं उभे आहेत. उजवा हात खिशात आहे. तो त्यांनी अजून कुणाला दाखवलेला नाही. दाजी, जयंतीला पहिल्या खुर्चीत तुम्ही बसा. त्या दिवशी मी समोर बसेन, आणि या खेपेला उजवा हात बघेन.

जयभीम.